वाचू का पाहू? सेम्बेनचे सिनेमे मराठीत आणताना, नोंद चौथी

मागच्या नोंदीत ‘बोरोम सारेत’ या सिनेमाची सबटायटलं पुरी झाली म्हणून मी फुशारकी मारली होती. ती परत घेतो. फाइल पुरी झाली होती, काम नव्हतं.

नवीन मंडळींसाठी: उस्मान सेम्बेन हा सेनेगलचा कादंबरीकार, पुढे सिनेमावाला झाला. त्याचे तीन सिनेमे मराठी सबटायटलांसह घरच्यांना दाखवायचे, एवढाच हा उद्योग. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या वरच्या खोलीतली भिंत, मित्राकडून मागून आणलेला प्रोजेक्टर, प्रेक्षक सहा ते आठ, पोह्यांवर तर्री मिळणार असेल तर दहा.

आधी तांत्रिक रडगाणं. प्रोजेक्टर मिळाला नाही त्या दिवशी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, तर जोडाक्षरं तुटलेली आणि पहिली वेलांटी पुढच्याच अक्षराला चिकटलेली. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरी नीट साठवणाऱ्या पद्धतीतच होती. दोष तिचा नाही, त्या टीव्हीला देवनागरी जोडताच येत नाही. शेवटी अक्षरं चित्रातच पक्की छापून नवी व्हिडिओ फाइल काढली. आता एक अनुस्वार चुकला तरी सगळं पुन्हा. इंग्रजीत ओळीला बेचाळीस अक्षरांपर्यंत जातात, मी बत्तिसावर थांबतो. दोन ओळींत अंतरही जास्त ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात.

एवढं करून खेळ लावला. वीस मिनिटांचा सिनेमा, १९६३चा. डाकार या सेनेगलच्या राजधानीतल्या एका घोडागाडीवाल्याचा एक दिवस. आई पुढे बसली होती. मध्येच म्हणाली, “बाबू, मी वाचू का पाहू? अक्षर वाचतो तवरिक घोडा निंगून जाते.”

मी गप्प. कारण हे बोलणं मी आधी वाचलेलं होतं, दुसऱ्या शब्दांत, सेम्बेनच्याच बाबतीत.

हा माणूस १९२३चा, दक्षिण सेनेगलच्या कासामान्स भागातल्या झिगिन्शोर गावचा, कोळ्याचा मुलगा. शाळेतून काढला गेला. डाकारमध्ये गवंडीकाम, मेकॅनिकगिरी. १९४४ मध्ये फ्रेंच सैन्यात. युद्धानंतर जहाजात लपून फ्रान्स गाठलं, पॅरिसला सित्रोएनच्या कारखान्यात आणि मग मार्सेच्या गोदीत हमाली केली. तिथे युनियन, तिथेच वाचनाची चटक. पहिली कादंबरी १९५६ची, गोदी कामगाराचीच. १९६० साली आली ती मोठी कादंबरी, १९४७-४८ च्या डाकार-नायजर रेल्वे संपावरची. माझे बाबा अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या घरात या पुस्तकाला वेगळा मान आहे. पण ज्या संपवाल्यांवर ती लिहिली, त्यांच्यापैकी किती जणांना फ्रेंच वाचता येत होतं? हा हिशेब त्याला छळत राहिला. तेव्हा चाळिशीला टेकलेला हा नावाजलेला लेखक १९६२ मध्ये मॉस्कोला गेला आणि गोर्की स्टुडिओत सोव्हिएत दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉयच्या हाताखाली कॅमेरा शिकला. सिनेमाला तो रात्रशाळा म्हणायचा.

म्हणजे लोकांना वाचावं लागू नये म्हणून त्यानं सिनेमा धरला, आणि मी महालात बसून त्याच्या सिनेमाखाली पुन्हा वाचायचं ओझं लावतोय. आईनं एका वाक्यात माझा दोन महिन्यांचा छंद उलटा टांगला.

म्हणून ‘बोरोम सारेत’पुरता बेत बदलला. सबटायटलं नाहीत, आवाज. हे इथं शोभतंही, कारण गाडीवान बहुतेक वेळ मनाशीच बोलतो आणि मुळातही आवाज नंतरच चढवलेला आहे. ओठांशी झटापट करावी लागत नाही. आमच्या गल्लीत एक काका आहेत, तरुणपणी सीताबर्डीत सायकल रिक्षा ओढायचे. त्यांना बसवलं. माझी पुस्तकी मराठी त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मोडीत काढली. “असं कोण बोलते बे?” मग वऱ्हाडीतच गेलो. रेकॉर्डिंगला कूलर बंद ठेवावा लागतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत काका बनियनवर, मी माइकवर टॉवेल धरून. तीन दुपारी लागल्या.

एक जागा सांगण्यासारखी आहे. गाडीवान गिऱ्हाईक घेऊन प्लॅटो या साहेबी वस्तीत शिरतो, जिथं घोडागाडीला बंदी. पोलिस अडवतो. त्या गडबडीत गाडीवानाचं पदक खाली पडतं आणि पोलिसाचा बूट त्यावर येतो. मी तिथं एक ओळ लिहून ठेवली होती. काका म्हणाले, “इथं मी काईच नाही बोलत.” ओळ काढली. त्यांचं बरोबर होतं.

नावाचा घोळ अजून आहे. ‘बोरोम सारेत’ म्हणजे वोलोफ या सेनेगलच्या भाषेत गाडीचा धनी. ‘टांगेवाला’ जवळचा वाटतो, पण टांग्याला टप असतो, याची नुसती दोन चाकांवरची फळी. आणि ‘वाला’ म्हटलं की धनीपण जातं. संध्याकाळी ज्याच्याकडे गाडीच उरत नाही त्याला नावात मालक म्हटलंय, ही खोच मला सोडवत नाही. सध्या ‘गाडीमालक’ लिहून ठेवलंय. काकांना ते ट्रकवाल्यासारखं वाटतं.

दुसरा सिनेमा, १९६६चा ‘ला न्वार द…’, साधारण तासाभराचा. डाकारची द्युआना फ्रेंच कुटुंबाकडे फ्रान्समधल्या आंतीबला कामाला जाते, मुलं सांभाळायला म्हणून, आणि स्वयंपाक-धुण्यात कोंडली जाते. यावर त्याचीच कथा आधी होती, १९६२च्या संग्रहात. कथा सुरू होते पोलिस तपासापासून, म्हणजे द्युआनाचं मरण आधी कळतं. सिनेमा बोट धक्क्याला लागण्यापासून सुरू होतो. कथेत आपण चौकशी करतो, सिनेमात तिच्यासोबत उतरतो. मला सिनेमाची रीत जास्त झोंबली.

नावातलं ‘ला न्वार’ म्हणजे काळी, आणि ‘द’ म्हणजे ‘कुठली’ही आणि ‘कुणाची’ही. इंग्रजीत यावर लोक हात टेकतात, मराठीत ‘ची’ दोन्ही कामं करते: डाकारची, मालकिणीची. फक्त आपल्याकडे टिंबं आधी येतात. ‘…ची काळी’. या एका अक्षरावर मी आठवडाभर खूश होतो, चाळीस ओळींचं टायमिंग राहून गेलं तरी.

पडद्यावर द्युआना म्हणून एम्बिसिन तेरेझ दिओप आहे, आवाज मात्र हैतीच्या तोतो बिसेंतचा. त्यामुळे इथंही आपला आवाज चढवायचा मोह होतो, पण तो टाळतोय. निरक्षर मुलीच्या मनातलं बोलणं अस्खलित फ्रेंचमध्ये येतं, ते खटकायलाच हवं.

आणि एक गंमत. डाकारच्या वस्तीतल्या मास्तरचं काम या सिनेमात सेम्बेननं स्वतः केलंय. पुढच्या ‘मांडाबी’त तो पोस्टातला लेखनिक आहे, लोकांची पत्रं वाचून देणारा. लेखक सिनेमात आला तो याच कामाला.

‘मांडाबी’ १९६८चा, वोलोफ भाषेतला, त्याच्या ‘ल मांदा’ या लघुकादंबरीवरून. शिवाय फ्रेंचमध्ये वेगळी आवृत्तीही चित्रित केलेली. वोलोफसाठी मी पूर्णपणे इंग्रजी सबटायटलांच्या भरवशावर आहे, फ्रेंच निदान कामचलाऊ येतं. (भाषेचं त्याचं वेड पुढे इतकं गेलं की ‘चेड्डो’ या १९७७च्या सिनेमाच्या नावात एक ‘डी’ की दोन, यावरून सेनेगल सरकारनं तो अडवला. निमित्तच ते, पण राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी. आमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून नुसत्या मैत्र्या तुटतात.)

आतापर्यंत ‘मांडाबी’ची पहिली पंचवीस मिनिटं झाली. नायक इब्राहिमा दियेंगला पॅरिसहून भाच्याची मनीऑर्डर येते, पंचवीस हजार फ्रँक. ती सोडवायला ओळखपत्र हवं, ओळखपत्राला जन्माचा दाखला, फोटो आणि स्टँपचं तिकीट. दियेंगला जन्मसाल अंदाजेच माहीत. गल्लीत बातमी आधी पोचते आणि दुकानदाराकडे उधारी चढायला लागते. काटोलकडच्या आमच्या आजीला मामाची भिलाईहून मनीऑर्डर यायची, अंगठा लावून घ्यायची, म्हणून आईला इथं काही समजावून सांगावं लागलं नाही.

ओळी मीच मोठ्यानं वाचून दाखवत होतो. पत्रातली वाटणी आली: वीस हजार भाच्यासाठी ठेवायचे, तीन हजार त्याच्या आईला, दोन हजार दियेंगला. आईनं मला थांबवलं.

“म्हंजे याचे दोनच हजार?”

“हो.”

“अन् उधारी किती झाली?”

ते मला सांगता येईना. मागे जाऊन दुकानातली दृश्यं पुन्हा बघायला लागलो. आता वहीत उधारीचा वेगळा रकाना पाडलाय, टायमिंग नंतर.