पांढऱ्या मातीचा थर आणि आमचा चुकलेला हिशेब: माझा अनुभव

थर सापडला तेव्हा मी लांबी, रुंदी, जाडीवरून टन काढले आणि सरळ बाजारभावाने गुणले. तो आकडा मनातून जायला वर्ष लागलं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पांढऱ्या मातीतलं कामाचं खनिज म्हणजे केओलिनाइट. ते शुद्ध असेल तर त्यात अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) सुमारे ३९.५ टक्के असतं. आमच्या कच्च्या मातीत १७. निम्म्याहून जास्त वाळूच! म्हणजे एक टन धुतलेल्या मातीसाठी दोन टनांहून अधिक खणायचं आणि उरलेल्या वाळूलाही जागा शोधायची. धुवून फिल्टर प्रेसमधून (दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या वड्यांत ३० टक्के पाणी राहत होतं. तशाच पाठवल्या तर शंभर टनांमागे तीस टन पाण्याचं भाडं, वाळवल्या तर इंधन. माती हा स्वस्त आणि जड माल. त्याचा नफा वाहतुकीतच संपतो, हे मला तेव्हा कळलं.

तरी क्रॉकरीची आशा होती. चाचणीच्या वड्या भाजल्या आणि त्या पिवळसर निघाल्या. लोह. मातीच्या कणांवर चढलेला लोहाचा गंज सोडियम डायथायोनाइट या रसायनाने विरघळतो, पण स्फटिकाच्या रचनेत बसलेलं लोह त्याने निघत नाही. आमचं बरंचसं तसलंच होतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

वाट सापडली ती सिमेंटमध्ये. एलसी३ म्हणजे चुनखडी आणि भाजलेली माती घालून केलेलं सिमेंट. त्यात साधारण ५० टक्के क्लिंकर (भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असतं. त्या मातीत ४० टक्के केओलिनाइट असलं तरी चालतं, भट्टीला ७०० ते ८५० अंश पुरतात. आमच्या कच्च्या मातीत ते ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. टनामागे भाव कमी, पण धुणं नाही, फिल्टर प्रेस नाही, वाळूचे ढीग नाहीत. फक्त भट्टी जवळ हवी.

खरेदीदाराने मात्र माती किती चांगली आहे हे विचारलंच नाही. "दर महिन्याला अशीच देणार का?" एवढंच विचारलं. त्याचं बरोबरच होतं. ४० टक्क्यांच्या काठावर असलेल्या मातीत दोन-चार टक्क्यांचा फरकही महाग पडतो. मग आम्ही आधीपेक्षा कमी अंतरावर भोकं पाडून पुन्हा नमुने काढले. आता खाणीच्या वेगवेगळ्या भागांतली माती आडव्या थरांनी पसरून ढीग रचतो आणि उचलताना तो उभा कापतो, म्हणजे प्रत्येक बकेटमध्ये सगळ्या थरांची माती येते. पहिला ट्रक भरायच्या आधी असे तीन ढीग तपासले. तिन्ही ४० टक्क्यांच्या वर निघाले.