मंगलाष्टकांत पाळणा

आता लग्नाचे व्हिडिओ सगळे मेमरी कार्डावर शूट करतात, त्यामुळे टेप पारखायची विद्या फुकट गेली. पण २००७ च्या मे महिन्यातलं मिरजेजवळचं एक लग्न काही डोक्यातून जात नाही.

तेव्हा आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम मिनीडीव्हीवर, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटवर चालायचं. मी कॅसेट घ्यायचो ती ६० मिनिटांचीच. ८० ची टेप जास्त पातळ, कॅमेऱ्यात चुरगळली की संपलं. एलपी मोडवर, म्हणजे टेप हळू फिरवून, ६० चे ९० करणारे महाभागही होते. त्यांची कॅसेट दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात नीट चालली तर नशीब. आणि मुख्य म्हणजे एका कॅमेऱ्यात एकाच कंपनीची टेप. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं, दोन एकत्र आली की हेडवर, म्हणजे टेपवर चित्र लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, गाळ धरतो आणि हेड चोक होतं, असं आमचा मेकॅनिक सांगायचा. खरं-खोटं देव जाणे, पण मी पाळायचो.

त्या दिवशी नाही पाळलं. नवरीच्या मामांना एकेक आहेर 'नीट दिसायला' हवा होता, त्यात दोन कॅसेटी आधीच संपल्या. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. अंतरपाट धरायला माणसं उभी राहिली आणि मदतनीस पोरगा कानाशी येऊन म्हणाला, "दादा, एकच राहिलीय. तीपण दुसऱ्या कंपनीची." माझ्याच खणातली होती. म्हटलं, टाक.

शूटिंग झकास झालं. म्हणजे फाइंडरमध्ये झकास दिसलं. बाहेरच्यांना हे माहीत नसतं, की रेकॉर्डिंग चालू असताना फाइंडरमध्ये लेन्स बघते ते दिसतं, टेपवर काय उतरतंय ते नाही. कॅसेटचं चिन्ह लुकलुकलं असेलही. मे महिन्याच्या उन्हात आणि अक्षतांच्या माऱ्यात कोण बघतो?

रात्री कॅसेट कॅप्चरला, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. कॅमेऱ्यातला ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो, त्यावर समोरासमोर दोन हेडं. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत एका फ्रेमचे, म्हणजे एका चित्राचे, टेपवर १२ तिरके ट्रॅक पडतात, आळीपाळीनं एकेका हेडचे. एक हेड चोक झालं की एकाआड एक ट्रॅक लिहिलाच जात नाही आणि पडद्यावर एकाआड एक आडवा पट्टा बिघडतो. हे मी आधी पाहिलं होतं. पण या वेळी पट्ट्यांत नुसते चौकोन नव्हते. नवरीच्या मुंडावळ्या दिसत होत्या, त्याखालच्या पट्ट्यात झेंडूची माळ बांधलेला पाळणा, त्याखाली नवरीची हनुवटी, आणि तिच्या गळ्याच्या जागी पाळण्याची दोरी ओढणारा एक बांगड्यांचा हात. आवाज तुटक. 'सावधान'च्या मध्येच खरखर.

कॅसेट जुनी होती. कुणाच्या तरी बारशाची. डीव्हीडी दिली की रॉ, म्हणजे मूळ शूटिंगची, कॅसेट परत वापरायची, धंद्यात बहुतेक सगळे करायचे, आणि बिलात मात्र प्रत्येक टेप नवी लागायची. मीही लावली होती. नवं रेकॉर्डिंग जुन्यावरच लिहिलं जातं; ज्या हेडनं लिहिलंच नाही, त्याच्या ट्रॅकवर बारसं जसंच्या तसं राहिलं. हेड चोक झालं हे मेकॅनिकच्या, उन्हाच्या, त्या पोराच्या माथी मारता आलं असतं. पाळणा कुणाच्या माथी मारणार?

क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवून परत लावून बघितली. उपयोग शून्य. जे लिहिलंच गेलं नाही ते हेड पुसून कुठून येणार?

मग फोटोग्राफरकडून मंगलाष्टकांचे बावीस फोटो आणले, हळूहळू विरत जातील असे लावले आणि खाली बाजारातल्या सीडीवरची मंगलाष्टकं टाकली. नवरीच्या वडिलांना काही सांगितलं नाही. डीव्हीडी द्यायला गेलो तेव्हा जीभ उचललीच नाही. चहा पिऊन, उरलेले पैसे घेऊन आलो.

दोन वर्षांनी त्यांच्याच मुलाचं लग्न. या वेळी सगळ्या कॅसेटी एका कंपनीच्या, सील त्यांच्यासमोर फोडलं. काका सीलकडे बघतही नव्हते. म्हणाले, "ताईच्या वेळी मंगलाष्टकांना फोटोंचं काय सुंदर केलं होतंत! याही वेळी तस्संच करा."

केलं. मुलाच्या मंगलाष्टकांची ती कॅसेट एकही डाग न पडता उतरली होती, ती तशीच खणात पडून आहे.