वडिलांनी दिलेली झाडे

बापलेकांच्या समेटाच्या कथा मी आवडीने वाचतो, पण शेवटच्या पानावर दोघे गळ्यात पडून रडले की सारे मिटले, असे मानणाऱ्या लेखकांवर माझा विश्वास बसत नाही. वर्षानुवर्षांचा दुरावा एका मिठीने सरत नसतो; त्यासाठी त्या दोघांनाच ठाऊक असलेली एखादी बारीकशी आठवण लागते. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या 24व्या सर्गात हे फार सुंदर उतरले आहे. 20 वर्षांनी घरी परतलेला नायक ओडिसियस, ठिगळे लावलेल्या कपड्यांत बागेत एकट्याने राबणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांना, लेअर्टिसला, आधी परका म्हणून भेटतो (बापाची अशी परीक्षा पाहणे मला आजही क्रूर वाटते), आणि ओळख पटवताना पायावरचा व्रण दाखवून थांबत नाही, तर लहानपणी मागे मागे फिरत असताना वडिलांनी आपल्याला दिलेली झाडे मोजून सांगतो: नाशपातीची 13, सफरचंदाची 10, अंजिराची 40. ते ऐकताच म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात. पुढे लढायची वेळ येते आणि नातू टेलेमेकसही शस्त्र घेऊन सोबत उभा राहतो, तेव्हा मुलगा आणि नातू पराक्रमात एकमेकांशी चढाओढ करताहेत हे पाहून लेअर्टिस देवांना साद घालत आपला आनंद बोलून दाखवतो.