अपडेटने नेलेले दहा टक्के

मला पहिली शंका आली ती ब्रेकवरून.

इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. रात्रभर चार्जिंगला लावून बॅटरी शंभर टक्के भरली, की सकाळचे पहिले काही किलोमीटर रीजन, म्हणजे गाडी आवरताना मोटरने वीज तयार करून बॅटरीत परत भरणं, जवळजवळ नसतंच. एरवी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपसूक आवरते, तशी ती आवरत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असते, मोटरकडून परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. घराबाहेर पडल्या पडल्या एक उतार आहे. तीन वर्षं, फुल चार्जच्या दिवशी त्या उतारावर माझा पाय सवयीनेच ब्रेकवर जायचा.

त्या सकाळी पडद्यावर शंभर टक्के होते, मी पाय उचलला आणि गाडी जागच्या जागी आवळली गेली. मुलगी शेजारी बसली होती, ती पुढे झुकली. रीजन पूर्ण ताकदीने चालू होतं. याचा अर्थ बॅटरीत जागा होती. जागा होती, तर ते शंभर टक्के कसले?

आदल्या रात्री गाडीच्या सॉफ्टवेअरचं एक अपडेट आलं होतं. त्यासोबत एका ओळीची सूचना होती, ‘बॅटरीचे आरोग्य व प्रणालीची स्थिरता यांत सुधारणा’. मी ‘स्वीकारा’ दाबलं आणि झोपायला गेले.

पुढच्या आठवड्यात दुसरी गोष्ट घडली, आणि तिने मला खरं घाबरवलं. चढावर एका लांब ट्रकला ओव्हरटेक करत होते. समोरून येणारी गाडी दूर होती. माझ्या गाडीचा जोर मला पाठ होता, अंतराचा अंदाज त्या जोरावरच बांधलेला होता. पाय पूर्ण दाबला आणि ती अपेक्षित ओढ आलीच नाही. पॉवरचा काटा आधी 150 किलोवॅटपर्यंत जायचा, तो 118 वर जाऊन थांबला. ट्रकवाल्याने ते ओळखलं आणि वेग कमी करून मला पुढे जाऊ दिलं. त्याचे आभार मी आजही मानते. पुढे गाडी बाजूला घेऊन मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, कमी होणं हा गैरसोयीचा भाग झाला. पण चालवणाऱ्याच्या हातातली गाडी एका रात्रीत बदलायची आणि त्याला सांगायचंही नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं.

सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला मुलगा सज्जन होता. त्याने स्कॅनर लावला आणि म्हणाला, “मॅडम, बॅटरी हेल्थ 96 टक्के आहे. एकदम ठणठणीत. रेंज तर हवामानावर असते, टायरच्या हवेवर असते, तुमच्या चालवण्यावर असते.” जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून मिळालं. मी त्याला एवढंच विचारलं, “बॅटरी 96 टक्के ठणठणीत आहे, तर मला त्यातली पूर्ण वापरायला का मिळत नाही?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते त्याच्या हातातही नव्हतं.

इथे माझी वही कामाला आली. गाडी घेतल्यापासून मी दर महिन्याला एकदा 20 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत चार्ज करते आणि चार्जिंगच्या वेगळ्या मीटरवर किती युनिट पडले ते लिहून ठेवते. वडिलांनी त्यांच्या गाडीच्या तेलाचा हिशोब असाच ठेवला होता, तीच सवय. तीन वर्षांच्या नोंदी 52 ते 53 युनिटांच्या आसपास होत्या. अपडेटनंतरची नोंद होती 48. पुन्हा मोजलं, पुन्हा 48. गाडीचा पडदा कंपनीच्या हातात आहे, भिंतीवरचा मीटर नाही. पाच युनिट कुठे गेले, याचं उत्तर टायरच्या हवेत सापडणार नव्हतं.

मग एक ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या आतले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, घेतला, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावला आणि फोनवर बॅटरीचे आकडे बघायला शिकले. माझ्या बॅटरीत 96 सेल एकामागे एक जोडलेले आहेत. या प्रकारचा सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्टच्या जवळ जातो, म्हणजे सगळे मिळून 400 च्या थोडं वर. माझी गाडी 100 टक्के दाखवत असताना एकूण आकडा होता 393. एका सेलमागे 4.09. वरचा शेवटचा पट्टा बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेने, बंद करून ठेवला होता आणि उरलेल्यालाच शंभर म्हणायला सुरुवात केली होती. रीजन का चालत होतं, ते त्या रात्री मला कळलं.

जोडीला फास्ट चार्जिंगही मंदावलं होतं. 10 ते 80 टक्क्यांना आधी 35 मिनिटं लागायची, आता 52.

माझ्यासारखे आणखी मालक आहेत हे हळूहळू कळत गेलं. आमचा एक ग्रुप झाला. सुरुवातीचे पंधरा दिवस नुसता संताप. मग आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी सांगितलं, “रागाची नोंद होत नाही, आकड्यांची होते.” त्यांनी एक साधा तक्ता केला: चासी नंबरचे शेवटचे चार अंक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आधीची आणि नंतरची, किती किलोमीटर झाले, 20 ते 100 ला किती युनिट, शंभरला किती व्होल्ट, मोजलं तेव्हा बाहेरचं तापमान. तापमानाचा रकाना नसलेली नोंद ते घ्यायचेच नाहीत. थंडीत बॅटरी कमी देते, आणि तेवढ्या एका कारणावरून सगळा तक्ता फेटाळला जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन महिन्यांत 41 गाड्यांचे आकडे जमले. 41 पैकी 38 गाड्यांत घट नऊ ते अकरा टक्क्यांची. वापर वेगळा, वय वेगळं, हवामान वेगळं आणि घट मात्र सारखी. जुनी झालेली बॅटरी अशी मापून एकसारखी उतरत नाही.

आमच्यातही एकमत नव्हतं. एक ताई म्हणायच्या, कंपनीला सेलमध्ये काही दिसलं असेल, आग लागण्यापेक्षा रेंज कमी झालेली बरी. त्यांचं म्हणणं मी कधीच उडवून लावलं नाही. सेल सतत वरच्या व्होल्टेजला ठेवला की लवकर म्हातारा होतो. थंड बॅटरीत जोरात वीज ढकलली तर ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण टोकावर, लिथियम धातूचा थर साचू शकतो, आणि तो धोकादायक असतो. जनरल मोटर्सने नोव्हेंबर 2020 मध्ये शेव्हरोले बोल्टच्या काही गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या, तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून चार्जिंग 90 टक्क्यांवरच रोखलं होतं. पण ते जाहीर करून, कारण सांगून. पुढे 2023 मध्ये त्यांनी काही बोल्ट गाड्यांना तपासणीचं सॉफ्टवेअर दिलं, ज्यात सुमारे 10,000 किलोमीटर चार्जिंग 80 टक्क्यांवर राहतं आणि काही वावगं आढळलं नाही तर मर्यादा आपोआप उठते. मालकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की आपल्यावर काय लादलंय, किती काळ आणि का. आमची मागणी नेमकी एवढीच होती.

काकांनी टेस्लाचं प्रकरणही शोधून काढलं. 2019 च्या मे महिन्यात आलेल्या एका अपडेटने काही मॉडेल एस गाड्यांचं कमाल व्होल्टेज खाली आणलं होतं. अमेरिकेत मालक कोर्टात गेले. 2021 मध्ये 15 लाख डॉलरची तडजोड झाली, 1,743 गाड्या, प्रत्येकी 625 डॉलर. त्या कागदपत्रांत टप्पेही नोंदवलेले आहेत: सुमारे तीन महिने 10 टक्के घट, नंतर सात महिने 7 टक्के, आणि मार्च 2020 मध्ये व्होल्टेज परत देणारं अपडेट. हे वाचून माझ्या जिवात जीव आला. सॉफ्टवेअरने घेतलेलं सॉफ्टवेअरने परत देता येतं, हे कागदावर होतं.

पत्र मी लिहिलं. ‘फसवणूक’ हा शब्द पहिल्या मसुद्यात चार वेळा होता, तो काढला. चार प्रश्न ठेवले. अपडेटने वापरता येणारी क्षमता आणि कमाल पॉवर बदलली का, हो किंवा नाही. बदलली असेल तर कोणत्या कारणाने. मर्यादा तात्पुरती की कायमची. आणि वॉरंटीतली 70 टक्क्यांची अट आता कोणत्या शंभरावर मोजणार. आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, तोवर क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, असं माझ्या वॉरंटीत आहे. पण शंभराची व्याख्याच कंपनी गुपचूप बदलू शकत असेल, तर त्या सत्तरला काय अर्थ राहिला? चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. सोबत 41 गाड्यांचा तक्ता आणि माझ्या वहीच्या सहा पानांचे फोटो जोडले.

पहिलं उत्तर नऊ दिवसांनी आलं, आणि ते छापील होतं. दुसरं आलंच नाही. मग 41 जणांनी तेच पत्र आपापल्या नावाने, आपापल्या आकड्यांसह पाठवलं. मधल्या काळात दोन ऑनलाइन बैठका झाल्या. पहिलीत आम्हाला चालवण्याच्या टिप्स दिल्या गेल्या. दुसऱ्या बैठकीत एक बॅटरी इंजिनिअर होत्या. त्यांनी तक्ता खरंच वाचलेला होता, आणि त्यांनीच पहिल्यांदा सरळ सांगितलं, “हो, मर्यादा आम्ही घातली आहे.” काही गाड्यांत सेल-सेलमधला व्होल्टेजचा फरक वाढताना दिसला होता आणि खबरदारी म्हणून ती सगळ्यांनाच लावली होती. ते ऐकताना माझे डोळे भरून आले. पाच महिने आम्ही खोटं बोलत नाही हे सिद्ध करत होतो.

त्यानंतर दीड महिन्याने घोषणा झाली. मर्यादा मागे घेतली जाणार, दोन टप्प्यांत. आधी पॉवर आणि चार्जिंगचा वेग, नंतर क्षमता. प्रत्येक गाडीचा डेटा तपासून, सेल एकसारखे असतील त्यांनाच.

वाटलं होतं सगळे आनंदाने नाचतील. तसं झालं नाही. काहींनी लगेच अपडेट घेतलं. काही म्हणाले, सुरक्षेसाठी घातली होती तर आता काढता कशी? काहींना सात महिन्यांची भरपाई हवी होती, आणि त्यांची मागणी रास्त आहे असं मला आजही वाटतं. एकाने मधल्या काळात कमी रेंजमुळे गाडी पडत्या भावाने विकली होती. त्याला त्या घोषणेने काहीच परत मिळालं नाही. सावध असणाऱ्या ताईंनी अपडेट घ्यायचं नाही असं ठरवलं आणि आता त्या रोज 80 टक्क्यांवरच चार्जिंग थांबवतात. तो त्यांचा निर्णय आहे, त्यांनी स्वतः घेतलेला, म्हणून मला तो पटतो.

मी घेतलं, पण आधी लेखी मागितलं: वॉरंटीची मोजणी मूळ क्षमतेवरच होईल. ते पत्र हातात आल्यावरच ‘स्वीकारा’ दाबलं, आणि या वेळी झोपायला गेले नाही. गाडीपाशी बसून राहिले. अर्ध्या तासाने सीटखाली कॉन्टॅक्टरचा, म्हणजे बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, ओळखीचा खट्ट आवाज झाला आणि पडदा उजळला.

आकडे लगेच परत आले नाहीत, हे ज्यांचं अपडेट बाकी आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. पहिल्या चार्जिंगला 49 युनिट पडले आणि मी खट्टू झाले. बीएमएसला नवा शंभर समजायला थोडे दिवस लागतात. गाडी मधूनमधून 15-20 टक्क्यांपर्यंत उतरवा, मग पूर्ण भरा, आणि भरल्यावर थोडा वेळ तशीच राहू द्या म्हणजे सेल एका पातळीवर येतात. तिसऱ्या आठवड्यात मीटरवर 52.4 पडले. शंभरला 402 व्होल्ट. आई-बाबांकडचा 290 किलोमीटरचा प्रवास पुन्हा एकदा न थांबता झाला, पोचले तेव्हा 22 टक्के शिल्लक होते.

त्याआधी एका सकाळी, फुल चार्जवर, मी गेटबाहेर उतारावर पाय उचलला आणि गाडी आवरली नाही. सरळ पुढे घरंगळली. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि मुलगी म्हणाली, “आई, आली परत.”

काकांची गाडी मात्र अजून मर्यादेतच आहे. माझ्या सेलमधला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात 12 मिलिव्होल्टचा फरक आहे, त्यांच्याकडे तो 70 च्या घरात गेलाय. मॉड्यूल, म्हणजे बॅटरीतला सेलचा एक गठ्ठा, बदलावं लागेल असं त्यांना तोंडी सांगितलंय, लेखी अजून काही नाही. ज्यांनी सगळ्यांचा तक्ता केला त्यांचीच ओळ अजून मोकळी आहे. रविवारी मी आणि मुलगी त्यांच्या मीटरवर 20 ते 100 पुन्हा मोजायला जाणार आहोत. वही नेणार आहे.