चाऱ्याचा चारा

पहाटे साडेचारला स्वयंपाकघरातला दिवा न लावता फ्रिज उघडला आणि रात्री मळून ठेवलेल्या कणकेतून लिंबाएवढा गोळा तोडला. मग जरा थांबून आणखी एक तोडला. दोन पोळ्यांचा फरक घरात लगेच कळतो, पण कळेपर्यंत मी घोटीच्या आसपास असणार होतो. जाता जाता देवघरातल्या डबीतून वातींचा कापूसही चिमूटभर घेतला. कणकेत तो तंतू तंतू सोडवून मळला, की गोळा पाण्यात विरघळत नाही, गरीला घट्ट चिकटून राहतो. देवाचा कापूस, पोळ्यांची कणीक आणि दोन्ही निघाले मासे धरायला. त्या दिवशी संकष्टी नाही, सोमवार नाही, एवढी खात्री मात्र आदल्या रात्रीच कॅलेंडरवर करून घेतली होती. नाशकात राहायचं तर इतपत हिशोब ठेवावा लागतो.

बेत पुतण्याचा. त्याने वर्षापूर्वी प्लास्टिकची कयाक घेतली, एक मित्राकडून मागून आणली आणि दोन्ही गाडीच्या टपावर बांधून महामार्गाने निघालो. फेब्रुवारी सरत आला होता, तरी काच खाली केली की कान झोंबत होते. घोटीच्या अलीकडे महामार्ग सोडून दारणेच्या पाण्याशी उतरलो तेव्हा कुठे तांबडं फुटत होतं.

दारणा धरण १९१६ सालचं. इंग्रज या जलाशयाला लेक बील म्हणत. आता ते नाव कोणाच्या तोंडी नाही, आणि बरंच झालं. पाणी ओसरू लागलं होतं. मोकळ्या झालेल्या काठावर लोकांनी गाळपेर केली होती, आणि त्या हिरव्या पट्ट्यांच्या कडेकडेने कयाक ओढत नेताना पाय घोट्यापर्यंत रुतत होते. दक्षिणेला कळसूबाईची रांग धुक्यातून नुसती रेघ ओढल्यासारखी दिसत होती. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे गळ टाकायचं पुतण्याने आधीच विचारून ठेवलं होतं. न विचारता गळ टाकला तर पुढचं बोलणं माशांबद्दल राहत नाही.

"काका, वजन मधोमध. आणि उगाच वळून बघू नका," पुतण्या म्हणाला. ऐकायला सोपं आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं वजन मधोमधच असतं, अडचण वळून बघण्याची. कयाक म्हणजे मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणलेलं, आणि आवाज न करता सावजाजवळ जाण्याची सोय. वल्हं एकच, पण पातं दोन्ही टोकांना. नाशिक जिल्ह्याने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला दत्तू भोकनळ हा रोइंगपटू पाठवला, तोही चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची वानवा असलेल्या गावातून. पण रोइंगवाला जायच्या ठिकाणाकडे पाठ करून बसतो. कयाकवाल्याचं तोंड पुढे असतं. मला हे जास्त मानवतं. आपण कशावर आपटणार आहोत, ते निदान दिसतं.

खरं काम मात्र त्याच्या आधीचं. आम्हाला हवी होती मरळ, आणि मरळ कणकेला विचारत नाही. तिला हलतं, जिवंत काहीतरी लागतं. म्हणजे कणीक बारक्या माशासाठी, बारका मासा मरळीसाठी आणि मरळ आमच्यासाठी, अशी ही उतरंड. चाऱ्यासाठी मासा पकडायचा, तर त्या माशासाठीही आधी चारा हवाच.

पुतण्याने दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या. मानेपाशी कापायची आणि कापलेला तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. तळाशी कणकेचा तुकडा आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा, बुडण्यापुरते दोन खडे, वर दोरी. गुडघाभर पाण्यात ती बाटली सोडली आणि उकिडवा बसून बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग पेंडीचा बारीक धूर पाण्यात पसरला आणि कुठून कोण जाणे, बोटाच्या पेराएवढ्या माशांची एक फळी आली. एकजण नरसाळ्याच्या तोंडाशी घुटमळला, मागे गेला, पुन्हा आला, आत शिरला. तो खातोय म्हटल्यावर बाकीच्यांचा धीर वाढला. आत गेलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही, ती मोठी बघण्यासारखी गोष्ट. भोक मधोमध उघडंच असतं आणि तो मात्र भिंतीला नाक घासत गोल गोल फिरत राहतो.

लहानपणी नासर्डी नदीत आम्ही वडिलांचं जुनं धोतर दोन टोकांना धरून असेच मासे उपसायचो. आता पाट्यांवर तिला नंदिनी म्हणतात. धोतर पाण्याखाली सपाट धरायचं, कोणी हसायचं नाही, आणि एकाने "हं" म्हटलं की दोघांनी एकदम उचलायचं. दहातले नऊ मासे निसटायचे. राहिलेला बाटलीत घालून घरी न्यायचा आणि संध्याकाळपर्यंत तो मरायचा, म्हणून रडायचं. मला विचाराल तर मासेमारीतला सगळ्यात मजेचा भाग हाच. मोठा गळ, चकचकीत रीळ, टोपी हे सगळं नंतरचं आणि लोकांना दाखवायचं. तासभर मी त्या बाटल्यांपाशी बसलो. तेवढ्यात पुतण्या दोन फेऱ्या मारून आला आणि "काका, आपण मरळीला आलोय ना?" असं विचारून गेला.

बाटल्यांत काही चंदेरी सडसडीत मासे आले आणि कणकेच्या गरीवर चिलापीची पाच-सहा पिल्लं. चिलापी इकडची नव्हेच, आफ्रिकेतली. १९५२ मध्ये तिला भारतात आणलं आणि आता बघाल त्या तळ्यात ती आहे. आई अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, मग वाढायला किती वेळ! चाऱ्याला बरी, आणि त्याच पाण्यातली असल्यामुळे बाहेरचा रोगही आपण धरणात आणत नाही. हात ओला करूनच तिला धरायचं. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की ती टिकत नाही. बादलीत पुतण्याने माशांच्या टाकीचा सेलवर चालणारा पंप लावला होता. बुडबुडे बघून मलाच बरं वाटलं. पण उन्हात बादली तापली, की गार पाण्यात असतो तेवढा प्राणवायू त्यात उरत नाही, मग कितीही बुडबुडे सोडा. म्हणून वर ओला पंचा टाकला.

साडेसातला एकदाचे निघालो. बुडालेल्या बाभळीच्या खोडांपाशी, पाणगवताच्या कडेला, मरळ थांबते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, तेव्हा पाण्यावर एक जाड, सावकाश वर्तुळ उमटतं. ते दिसलं. मी चिलापीच्या पाठीत, कण्याला न लागेल अशी गरी ओवली आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सोडला. ती खाली गेली, तंगूस थरथरला, मग एकदम ताठ झाला आणि सरसर पळायला लागला.

अशा वेळी थांबायचं असतं. मरळ आधी धरते, मग वळवून गिळते, तेवढी तिला सवड द्यायची. हे मला पूर्ण माहीत होतं. काल संध्याकाळी मीच पुतण्याला समजावलं होतं. आणि मी तंगूस पळताक्षणी रॉड हिसडला. वर आली ती दातांच्या खुणा उमटलेली, अर्धमेली चिलापी.

तेवढ्यात ट्रकच्या ट्यूबवर बसलेले एक म्हातारेबाबा दोन फळकुटांनी पाणी मारत, आपलं जाळं बघत बघत आले. होडीकडे निरखून बघत म्हणाले, "केवढ्याला पडली भाऊ?"

मी खरा आकडा सांगितला नाही, निम्मा सांगितला. तरी ते आपल्या ट्यूबकडे बघून हसले.

"मरळ लागली व्हती ना आता?"

"लागली होती बाबा. घाई केली."

"आता ऊन झालं, आता काय ती येत नाही," असं म्हणून ते पुढे गेले. त्यांच्या जाळ्यात चार मासे होते, मी मोजले.

मी दुसरा चारा काढायला मागे वळलो. उगाच नव्हे, कामाला वळलो, तरी कयाकला काय फरक? ती कलली, मी सावरलो, बादली सावरली नाही. सगळं पाणी कयाकच्या तळाशी सांडलं. या होड्यांना पाणी निघून जायला तळात आरपार भोकं असतात. पाणी खळखळत त्यांतून गेलं आणि पाण्याबरोबर माझे सडसडीत चंदेरी मासे एकामागून एक, रांगेत असल्यासारखे, दारणेत परत गेले. बाटलीत ज्यांना उघडं भोक तासभर सापडत नव्हतं, त्यांना हे नेमकं सापडलं. चिलापीची पिल्लं रुंद, ती अडकली. पुतण्या लांबून ओरडत होता, "काका, पंप! पंप बंद करा, सेल जातील!"

दहाला गाडीवर होड्या चढवल्या. येताना वाटेत मिसळ खाल्ली. मासे आणायचे होते याची आठवण दोघांपैकी कोणी काढली नाही.

घरी आल्यावर आंघोळ करून जरा आडवा झालो. उरलेला गोळा वाया जाऊ नये म्हणून येताच फ्रिजमधल्या कणकेच्या डब्यात परत ठेवला होता, तेही विसरलो होतो. साडेबाराला स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, या पोळीत कापूस कुठून आला?"