शिबिराची ट्रंक: उन्हाळ्यानंतरची नोंद

ट्रंक भरत आली आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. उन्हाळी शिबिरं घेणाऱ्या ताई-दादांनी प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या हातानं करून बघावी, मगच मुलांपुढे उभं राहावं, यासाठी कोल्हापुरातली आम्ही काही हौशी माणसं एक पत्र्याची ट्रंक जमवतोय. एका उपक्रमाला एक कापडी पिशवी. पिशवीत सामान आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड. नियम एकच आहे: आपल्या उन्हात, आपल्या मातीत, आपल्या बाजारात मिळणाऱ्या दोरीवर करून बघितल्याशिवाय कार्ड ट्रंकेत जात नाही. पुस्तकात छापलंय म्हणून आत, असं चालत नाही. या नियमामुळे काम रेंगाळतं आणि काही जण वैतागतातही, पण यंदाच्या मे महिन्यानं नियमाची बाजू चांगलीच उचलून धरली.

सगळ्यात जास्त वेळ सावलीच्या काठीनं खाल्ला. दिशा शोधायची ही कृती शिबिराच्या पुस्तकांत हमखास असते. मीटरभर काठी उभी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा, दोन्ही जोडा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. मेच्या मध्याला सकाळी नऊच्या पुढे शाळेच्या मैदानावर पोरांनी हे केलं आणि शेजारी होकायंत्र ठेवलं. रेघेची पूर्व खऱ्या पूर्वेपेक्षा चौदा-पंधरा अंश उत्तरेला कललेली. होकायंत्रावर संशय घेऊन उपयोग नव्हता. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक पडतो.

कारण आपल्या अक्षांशात आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला. मेच्या मध्याला सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तरेला सरकल्याचा कोन) १९ अंशांच्या जवळ पोचलेली असते, म्हणजे सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेकडून जातो. सकाळी तो पूर्वेपासून उत्तरेकडे झुकलेला, सावली पश्चिमेपासून दक्षिणेकडे झुकलेली. दुपार होईपर्यंत सावलीचं टोक काठीच्या बुडाशी सरकत येतं, त्यामुळे त्याची वाट तिरकी पडते. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास हीच कृती बरोबर पूर्व-पश्चिम रेघ देईल. पण आपली शिबिरं असतात एप्रिल-मेमध्ये, आणि दिशा शिकवणारा दादा नेमका तेव्हाच काठी रोवून बसतो.

दुपारची गोष्ट तर आणखी मजेची. ६-७ मेच्या सुमारास कोल्हापुरात शून्य सावली (सूर्य अगदी डोक्यावर) असते आणि तीही बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. घड्याळ ८२.५ रेखांशाचं, आपण ७४.२ वर, म्हणून आपली माध्यान्ह अर्धा तास उशिरा येते. त्या दिवसानंतर थेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. मेच्या अखेरीस मीटरभर काठीची सावली दुपारी जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर, आणि ती दक्षिणेकडे. ‘दुपारची सावली उत्तर दाखवते’ हे वाक्य ज्या कार्डावर होतं ते कार्ड आमच्यातल्या एका ताईनं सगळ्यांसमोर फाडलं. टाळ्या पडल्या.

मग ट्रंकेत काय गेलं? वर्तुळाची जुनी रीत. ती कात्यायन शुल्बसूत्रात आहे, म्हणजे यज्ञवेदीची दिशा ठरवायला वापरली जायची. काठीच्या बुडाभोवती दोरीनं वर्तुळ आखायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरताना जिथे टेकतं तिथे खूण करायची, दुपारनंतर बाहेर पडताना टेकतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. वर्तुळाची त्रिज्या काठीच्या उंचीइतकी घेतली तर मेच्या मध्याला पहिली खूण सकाळी नऊ वीसच्या आसपास येते, दुसरी दुपारी पावणेचारच्या आत. शिबिराच्या वेळापत्रकाला हे फार सोयीचं आहे. सकाळी आखून मुलं दुसऱ्या कामाला जातात, दुपारी ‘आली का, आली का’ करत परत येतात. मधल्या वेळात कुणी काठीला धक्का लावू नये म्हणून पहारा ठेवावा लागतो. पहाऱ्याला सगळ्यात दंगेखोर मुलगा नेमावा, असं कार्डावर लिहिलंय. हे मात्र खगोलशास्त्र नव्हे, अनुभव.

याच धाग्यानं रात्री ध्रुवताऱ्यावरून दिशा शोधायचं कार्डही बदललं. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना चार तुकड्यांत वाटून पहिलं शिबिर घेतलं. ते बेट साधारण ५०.७ अक्षांशावर आहे. तिथे ध्रुवतारा आकाशात अर्ध्याहून वर असतो, आपल्याकडे क्षितिजापासून फक्त सतरा अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मानली, तर दोन मुठीही भरत नाहीत. उत्तरेला डोंगर किंवा इमारत असली की ध्रुव गेलाच, आणि मेच्या धुरकट आकाशात तो तसाही फिकट दिसतो. म्हणून जागा आधी दिवसा बघून ठेवायची, हे कार्डावर पहिलं. सप्तर्षींच्या चौकोनातले पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह, जोडून ती रेघ पाचपट लांबवायची, हे त्यानंतर.

बदल्यात आपल्याला असं काही मिळतं जे ब्राउनसीवरून कधीच दिसणार नाही: दक्षिणेला त्रिशंकू, क्रॉससारखा दिसणारा तारकासमूह. मेमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो आपल्या क्षितिजाच्या तेरा-एक अंश वर, बरोबर दक्षिणेवर उभा असतो आणि त्याच वेळी सप्तर्षी उत्तरेला उंच. एका जागी उभं राहून मुलानं एकदा उत्तरेला मूठ धरायची, एकदा दक्षिणेला. कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, थंड पेयाची नळी, दोरा आणि ओळंब्याला वॉशर. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच जवळजवळ त्या जागेचा अक्षांश. पन्हाळ्याच्या पठारावर हे केलं तेव्हा गटातल्या बहुतेकांचं ध्रुवाचं उत्तर पंधरा ते एकोणीसच्या मध्ये आलं, आणि ‘आपण कोल्हापूरचा अक्षांश मोजला’ हे कळल्यावर एक दादा म्हणाला, “सर, हे भूगोलाच्या पेपरात का न्हवतं ओ?”

दोरीची पिशवी अजून पक्की नाही. स्क्वेअर लॅशिंगची, म्हणजे दोन काठ्या काटकोनात बांधायची रीत सगळ्यांना पाठ आहे: उभ्या काठीला क्लोव्ह हिच (काठीवर घट्ट बसणारी गाठ), तीन वेढे, मग दोन काठ्यांच्या मधून आवळणारे दोन वेढे, शेवट आडव्या काठीला क्लोव्ह हिच. अडचण सामानाची आहे. बाजारात स्वस्त आणि सहज मिळते ती नायलॉनची दोरी. गुळगुळीत बांबूवर ती घसरते. वीस लिटरचा पाण्याचा कॅन टांगून बघितला, तर नायलॉनची तिवई हळूहळू पाय पसरत बसली. काथ्या घट्ट धरतो, पण सवय नसलेल्या हातांना सोलतो. सुतळी बारीक कामाला बरी. सध्या काथ्यावर एकमत आहे, आणि मुलांसाठी आधी दोरी पाण्यात भिजवून मऊ करायची. काठ्यांत माणगा बांबू उत्तम, जवळजवळ भरीव असल्यामुळे टोकाला चिरत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गाठी शिकवताना आमच्यातले शहरी लोक वहीत बघून बांधत होते आणि भुदरगडकडचा एक पोरगा कोपऱ्यात हसत होता. त्याला पुढं बोलावलं. त्यानं खांबाला दावं बांधलं, बैल कितीही ओढू दे सुटणार नाही, पण मोकळं टोक एकदा खेचलं की झटक्यात मोकळं. गोठ्याला आग लागली तर जनावर क्षणात सोडता आलं पाहिजे, असं त्याच्या आज्यानं शिकवलेलं. ती गाठ आता दोरीच्या कार्डावर सगळ्यात वर आहे. दोन टोकं जोडणाऱ्या रीफ नॉटच्या वर! माझं मत स्पष्ट आहे: आपल्या गटातल्या शेतकऱ्याच्या पोराला विचारण्याआधी इंटरनेट उघडायचं नाही.

याच सत्रात ‘हात मागे’ हा नियमही कायम झाला. मुलाची गाठ चुकते तेव्हा ताई-दादाचा हात आपोआप पुढे जातो, गाठ सुटते, नीट बांधली जाते आणि मूल बघत राहतं. म्हणून दाखवून झालं की शिकवणाऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. बोलायला परवानगी, हात लावायला नाही. अपवाद फक्त सुरी, करवत आणि आग. मोठ्या माणसांना हे फार जड जातं. एक सर तर दोन्ही हात खिशात कोंबून तळमळत होते.

पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून केलेल्या पन्हाळ्याच्या मॉडेलबद्दल पुष्कळांनी विचारलं होतं. दिवाळीत दारात किल्ला करणाऱ्या गावात समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) शिकवायला दुसरं साधन कशाला? सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांतलं उंचीचं अंतर २० मीटर असतं. नकाशा चौपट मोठा केला की तो १:१२,५०० होतो आणि २० मीटर म्हणजे १.६ मिलिमीटर. आपल्या खोक्याचा पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटर जाड, म्हणजे डोंगर खऱ्यापेक्षा दुप्पट उभा दिसणार. आधी आम्ही पातळ पुठ्ठा शोधत होतो, आता शोध थांबवला. पोरं मॉडेल बघून म्हणतात, “एवढा उभा नाही पन्हाळा,” आणि तिथूनच प्रमाणाचा धडा सुरू होतो. शिवाय जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्या तुकड्यांना हाच पुठ्ठा हातात घेऊन चढ-उतार समजावता येतात. जाडीचा प्रश्न असा मिटला.

मीठ-साखर-पाण्याचं कार्ड तयार आहे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. यातला ‘सपाट’ शब्द लाल शाईनं. तांबड्या रश्श्याच्या गावात मीठ अंदाजानं पडतं, आणि इथे अंदाज नको. प्रत्येकानं चमच्यावरून पट्टी फिरवून मोजायचं, मग चव घ्यायची. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

मातीची पिशवी, म्हणजे मातीचा बैल करायची, मागे आहे. शेतातली काळी माती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. शाडू बरी वागते, पण बैलाचे पाय पातळ झाले की तीही चिरते. आता कुंभार गल्लीत बसून बघायचं ठरलंय, कारण बेंदराला मातीचे बैल तिथले लोक ढिगानं करतात आणि त्यांचे पाय मोडत नाहीत. शाडूत थोडा कापूस मिसळून सावलीत वाळवलेला एक बैल सध्या उभा आहे, शिंगं अजून लावलेली नाहीत.

पुढच्या सत्रापर्यंत कुणाकडे घायपाताची जुनी दोरी असेल तर घेऊन या. काथ्याशी तिची वीस लिटरच्या कॅनवर तुलना करायची आहे. नायलॉन आणू नका, आमच्याकडे पोतंभर पडलंय.