डॉक्टरांनी बुडवलं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, दत्ता सामंतांनी तुम्हाला बुडवलं ना?" गिरणी कामगार होतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. डॉक्टर म्हणजे हेच दत्ता सामंत, मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपाचे पुढारी. तर एकदाच काय ते सांगतो.

ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून बिनसलं तेव्हा घाटकोपरला त्यांच्या दारात, आमचं पुढारपण घ्या म्हणून, मोर्चा नेला तो कामगारांनी. शेंबडी पोरं नव्हतो आम्ही. डॉक्टरांनी बुडवलं असतं तर १९८४ ला, संप हातचा गेल्यावरही, गिरणगावानं त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत कशाला पाठवलं असतं? मी बदलीवाला. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर चाललो खोलीवर. बदलीवाल्यांना कायम करा ही संपातली मागणीच होती. १९४६ च्या कायद्यानं मालकांशी वाटाघाटी करणार फक्त मान्यताप्राप्त युनियन, आणि ती आम्हाला नको होती. मग दुसरा रस्ता कुठला होता, तेवढं विचारणाऱ्यांनी सांगावं.

१८ जानेवारी १९८२ ला संप लागला आणि थोड्याच दिवसांत मी देवगडकडे गावी आलो. अडीच लाखांतले कितीतरी असेच गावच्या तांदळावर तगले.

माझ्या ताटातला तांदूळ बाबांचा. पुढच्या शिमग्याला मुंबईहून एका गाववाल्याचं आंतर्देशीय आलं. गिरणी पोलीस बंदोबस्तात चालू झालीय, बदलीवाल्यांना लगेच घेतायत, पुढे कायमही करतील म्हणतात, ये. धाकट्या भावानं पडवीत मोठ्यानं वाचलं. तो अकरावीला होता, त्याची फी माझ्या मनिऑर्डरीतून जायची. बाबा सुंभ वळत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "बोलावतत तर जा. हय बसान काय करतलंस?" मी म्हटलं, मान खाली घालून त्या गेटातून आत जाणार नाही. बाबा पुढे बोलले नाहीत. भावानं पत्राची घडी घालून वाशात खोचली. आठवडाभरात तो एका बागायतदाराकडे आंब्याच्या राखणीला लागला, दिवसभर बेचकी घेऊन माकडांमागे. कॉलेज सुटलं ते सुटलंच. मला आजवर एका शब्दानं बोललेला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हाचा मी म्हणतो, गेलो असतो तर चाळीत तोंड कसं दाखवलं असतं? मी त्याला म्हणतो, बाबा रे, चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, भाऊ मात्र शेजारच्याच घरात राहतो. तो म्हणतो, सगळेच गेले असते तर डॉक्टरांच्या मागे उरलं कोण असतं? इथे मी अडतो.

डॉक्टर १९९७ मध्ये पवईत मारेकऱ्यांच्या गोळ्या लागून गेले. त्यांचा हिशेब मला विचारू नका. माझा विचारायचा तर त्या पत्राचा विचारा. चूक केली असं मी तरीही म्हणणार नाही. मात्र भाऊ समोर बसलेला असताना विचारू नका.